सध्या काय वाचताय?

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त नांदेड येथे झालेल्या कार्यक्रमातील भाषण. स्मरणिकेसाठी वक्त्यांनी स्वतः लिहून दिले.)



समितीच्या पत्रात मला विषय दिला होता ‘वाचनसंस्कृती’. पत्र वाचून मी जरा बिचकलोच. मी लातूरला एमआयडीसीत दालमिलवर कामाला आहे. तूर चाळणीवर घ्यायची, तेल-पाणी द्यायचं, वाळवायची, रोलरला लावायची, डाळ एकीकडं, चुनी एकीकडं, कट्टे भरून थप्पी लावायची. तीस वर्षं हेच काम. शाळा सातवीपर्यंत. पुढचं जे काही शिकलो ते थप्पीवर बसून. दिवसा लाईट गेली की मशीन बंद पडायची, त्या वेळात. संस्कृतीवर बोलायला आपल्यात प्राध्यापक मंडळी पुष्कळ आहेत. मी साध्या गोष्टीवर बोलतो. आपण एकमेकांना पुस्तक सांगतो का? सांगतो तर कोणतं, आणि कोणाला?

आपण भेटलो की काय विचारतो? जेवलात का, पाऊस कसा आहे तुमच्याकडं, पोरीचं जमलं का. ‘सध्या काय वाचताय?’ असं कोणी विचारत नाही. विचारलंच तर समोरचा माणूस दचकतो, आपली परीक्षाच घ्यायला आला की काय असं त्याला वाटतं. आणि खरं सांगू का, विचारणाराही बहुतेक वेळा परीक्षाच घेत असतो. त्यानं नुकतंच एक पुस्तक वाचलेलं असतं आणि ते त्याला दाखवायचं असतं! असा प्रश्न विचारू नये.

आमच्या लातूरच्या वस्तीतल्या विहारात काही वर्षांपासून एक बैठक चालते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळची वंदना झाली की आम्ही दहा-पंधरा जण सतरंजीवरच बसून राहतो. अध्यक्ष नाही, हार-तुरा नाही, माईक नाही. आळीपाळीनं एकेकानं सांगायचं, सध्या हातात काय आहे. कोणी एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर आहेत, कोणी अंगणवाडीच्या ताई, दोन नर्सिंगच्या पोरी, आम्ही मिलवाले तिघं, आणि भाजी विकणारी एक आजी. नियम दोनच. पहिला, जेवढं वाचलं तेवढंच सांगायचं, न वाचलेल्या पानांची स्तुती करायची नाही. दुसरा, हे पुस्तक इथं बसलेल्यांपैकी कोणाच्या कामाचं आहे ते नाव घेऊन सांगायचं. ‘सर्वांनी वाचावं’ असं म्हणायला बंदी आहे. सर्वांनी वाचावं म्हणून सांगितलेलं पुस्तक कोणीच वाचत नाही, हा आमचा अनुभव.

तुम्ही म्हणाल, नाव घेऊन सांगितल्यानं असं काय होतं? तर ऐका. मुंबईला चर्नी रोडच्या बागेत एक पोरगा शाळा सुटल्यावर वाचत बसायचा. कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाचे एक शिक्षकही त्या बागेत यायचे. त्यांचं लक्ष या पोराकडं गेलं, ओळख झाली, ते त्याला पुस्तकं आणून द्यायला लागले. या केळुसकर गुरुजींनी स्वतः १८९८ साली मराठीत गौतम बुद्धांचं चरित्र लिहिलं होतं. पोरगा परीक्षा पास झाला म्हणून सत्काराची सभा झाली, तेव्हा गुरुजींनी आपलं ते पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. तो पोरगा म्हणजे भीमराव, आपले बाबासाहेब.

ही गोष्ट आपल्याला पाठ आहे, भिमजयंतीच्या प्रत्येक भाषणात येते. पण त्यातलं मला जे महत्त्वाचं वाटतं ते सांगतो. गुरुजींनी ‘मुलांनी बुद्धचरित्र वाचावं’ असं जाहीर आवाहन केलं नाही. एक मुलगा बघितला, तो काय वाचतो ते बघितलं, आणि त्याला साजेलसं पुस्तक दिलं. ते पुस्तक मिळाल्यापासून १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत पन्नासेक वर्षांचं अंतर आहे. त्या एका पुस्तकामुळंच धम्मदीक्षा झाली असं कोणी म्हणलं तर ते मला पटणार नाही. मधे महाड आहे, काळाराम मंदिर आहे, येवल्याची घोषणा आहे, ढीगभर अभ्यास आहे. पण बुद्धाची पहिली ओळख त्या पुस्तकानं झाली हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. एवढं पुरे आहे की!

दुसरा दाखला धर्मानंद कोसंबींचा. आपल्या पोरांना हे नाव फारसं माहीत नसतं याचं वाईट वाटतं. १८७६ साली गोव्यातल्या साखवाळ गावात जन्म. शाळा माझ्यासारखीच, थोडीशी मराठी. घरी नारळाची बाग. तिथं त्यांच्या हाती ‘बालबोध’ नावाचं मुलांचं मासिक आलं आणि त्यात बुद्धांचं छोटं चरित्र होतं. लहान मुलांसाठी लिहिलेली चार पानं! त्यावरून हा माणूस घर सोडून निघाला. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश. पाली शिकला, भिक्खू झाला, पुढं अमेरिकेत हार्वर्डला जाऊन काम केलं. हे सगळं त्यांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात सांगितलं आहे. भाषा जुनी आहे पण अवघड नाही. ज्याला कोणाला वाटतं की माझी शाळा सुटली, आता माझ्यानं काय होणार, त्याच्या हातात मी ‘निवेदन’ देतो. आमच्या मिलवरच्या एका हमालाला दिलं होतं. त्यानं परत करताना विचारलं, “तिकिटाला पैसे कुठून आणले ह्यांनी?” पुस्तकात ते सगळं आहे, कोणी दिले, कुठं उपाशी राहिले. त्यानं ते नीट वाचलं नव्हतं, पण प्रश्न बरोबर विचारला. मी म्हणलं, परत घेऊन जा, आणि पैशाचाच हिशोब काढत वाच.

आता आपल्या वर्षावासाच्या वाचनाकडं येतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत बहुतेक विहारांत ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन होतं. फार चांगली प्रथा आहे. ज्यांना अक्षर येत नाही अशा आपल्या कितीतरी माता या वाचनातून ग्रंथ ऐकतात, त्याही वाचकच आहेत. पण एक गोष्ट बोलतो, राग मानू नका. दरवर्षी आपण पहिल्या पानापासून सुरू करतो. आधी दोन दिवस उद्घाटनाचे जातात, मधे पाऊस, मधे गणपतीच्या मंडपाचा आवाज, मधे कोणाचं लग्न ठरतं. सिद्धार्थांचा जन्म होतो, गृहत्याग होतो, आणि पावसाळा संपतो. ग्रंथाचे आठ खंड आहेत. तिसऱ्या खंडात बुद्धांनी काय शिकवलं ते आहे, चौथ्यात धर्म आणि धम्म यातला फरक आहे, पाचव्यात संघ. तिथपर्यंत आपली गाडी पोचतच नाही. आम्ही लातूरला एवढंच केलं की वहीत पान लिहून ठेवायचं आणि पुढच्या वर्षी तिथून पुढं वाचायचं. काही लोकांना हे बरं वाटलं नाही, सुरुवात शुभ पानापासून व्हावी म्हणाले. शुभ पान कोणतं, ते त्यांनाच ग्रंथात शोधायला सांगितलं.

पण पहिल्या खंडानंच मला जे दाखवलं ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. २०१६ साल. लातूरला पाणी नव्हतं. नळ कधीचेच बंद. पाण्याच्या टाक्यांजवळ भांडणं होतील म्हणून प्रशासनाला जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. आमच्या वस्तीत घागरीवरून सख्ख्या जावा-जावा बोलेनाशा झाल्या होत्या. त्या वर्षीच्या वर्षावासात वाचन आलं रोहिणी नदीच्या प्रकरणावर.

प्रकरण असं आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यामधून रोहिणी नदी वाहते, दोघांची शेती तिच्या पाण्यावर. पाणी आधी कोणी घ्यायचं यावरून दोन्हीकडचे नोकर भांडले, मारामारी झाली, माणसं जखमी झाली. शाक्यांच्या सेनापतीनं युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थ संघाचा सभासद होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, आधी चौकशी करा, दोघांचे दोन-दोन पंच नेमा, त्यांनी पाचवा निवडावा. मत घेतलं, सिद्धार्थ हरला. लढायला नकार दिला तर तुझ्या घरच्यांवर बहिष्कार टाकू, जमिनी जप्त करू, असं त्याला सांगण्यात आलं. मग घरच्यांना त्रास नको म्हणून त्यानं परिव्रज्या पत्करली.

वाचन करणारी पोरगी थांबली. विहारात कोणी बोलेना. म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून सिद्धार्थ घर सोडून गेला, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली. पण पाण्याचं भांडण आणि बहिष्कार! ज्या मराठवाड्यात एका विहिरीवरून काय काय झालं ते आपल्या आई-बापांनी भोगलं आहे, तिथल्या बायांना हे समजावून सांगायला कोणी विद्वान लागला नाही. मागं बसलेली भाजीवाली आजी म्हणाली, “म्हंजे त्योबी पाण्यापायीच घराबाहीर पडला म्हना की.” दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत टँकरचे नंबर लावायला दोन बाया इकडून, दोन तिकडून असे चौघं पंच बसले. पाचवा कोण यावरून मात्र परत भांडण झालं, ते सोडा.

त्याच बैठकीत एका पोरानं विचारलं, बाबासाहेबांनी हे कारण कुठून आणलं? प्रश्न योग्य होता. शोधता शोधता आम्ही कोसंबींच्या ‘भगवान बुद्ध’ या पुस्तकापर्यंत पोचलो. त्यात कोसंबींनी म्हातारा-रोगी-प्रेत या गोष्टीवर शंका घेतली आहे, आणि सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्ताचा आधार देऊन शाक्य-कोलियांच्या भांडणाकडं बोट दाखवलं आहे. याच विषयावर त्यांनी ‘बोधिसत्त्व’ नावाचं नाटकही लिहिलं. म्हणजे बाबासाहेबांच्या ग्रंथानं आम्हाला कोसंबींकडं नेलं, आणि कोसंबींनी सुत्तनिपाताकडं. एका पुस्तकाचं बोट धरून दुसऱ्या पुस्तकाकडं जायचं ते असं.

आता जरा नाजूक विषय. आमच्या बैठकीत एकदा चांगलंच वाजलं. नर्सिंगच्या एका पोरीनं बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ आणलं होतं आणि त्यातलं दोन पानं वाचून दाखवत होती. एक काका उठले. चांगल्या नोकरीतून रिटायर झालेले, विहाराला देणगी देणारे, मनानं वाईट नाहीत. म्हणाले, “हे इथं वाचू नका. आमची पोरं इंजिनिअर झाली. सुनांच्या माहेरची माणसं येतात. मेलेलं ढोर आणि शिळे तुकडे किती दिवस उगाळायचे?” कोणी काही बोलायच्या आत आजीच म्हणाली, “आरं बाबा, लाज खानाऱ्यानं धरायची का तसलं देनाऱ्यानं?” काका तीन महिने आले नाहीत.

या भांडणात मी आजीच्या बाजूचा आहे. पण काकांचंही थोडं ऐकायला पाहिजे असं मला वाटतं. सात-आठ वर्षांच्या लेकरासमोर, मागचं-पुढचं न सांगता, माईकवरून ही पानं वाचली तर त्याच्या मनात नुसती भीती बसेल. घरातल्या मोठ्या माणसानं जवळ बसवून, हे तुझ्या पणजीचं आहे, असं सांगत वाचायची ही पुस्तकं आहेत. मात्र घरातून हाकलायची नाहीत. बेबीताई फलटणला छोटं किराणा दुकान चालवायच्या. त्यांनी हे लिहिलं आणि घरच्यांच्या नजरेपासून किती वर्षं लपवून ठेवलं. ‘स्त्री’ मासिकात आलं, मग १९८६ साली पुस्तक झालं. नवऱ्यापासून लपवून लिहिलेलं पुस्तक आता आपण सुनेपासून लपवायचं म्हणजे कमालच झाली! त्याच १९८६ साली शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ आलं. शिक्षिका होत्या, रिटायर झाल्यावर लिहायला बसल्या. दूरदर्शनवर ‘नाजुका’ मालिका लागायची ती याच पुस्तकावर, जुन्या लोकांना आठवत असेल. ज्या बाया म्हणतात, आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय आहे, त्यांना ही दोन पुस्तकं द्या. उर्मिला पवारांचं ‘आयदान’ त्यानंतर द्या.

काकांचं पुढं काय झालं ते सांगतो. त्यांच्या सुनेनंच ‘जिणं आमुचं’ विहारातून नेलं. पुस्तक अजून परत आलं नाही. मी मागितलंही नाही.

पुस्तकं विकत घेण्यात आपला समाज मागं नाही. नागपूरला दीक्षाभूमीवर, ६ डिसेंबरला दादरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलवर केवढी गर्दी असते! भाकरीच्या पिशवीत पुस्तक घालून माणसं जनरल डब्यातनं परत येतात. आपल्याकडं दाभडला बावरीनगरच्या धम्म परिषदेतही तेच दिसतं. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. घरी आल्यावर पुस्तक शोकेसमध्ये जातं, काच लागते, समोर मूर्ती ठेवली जाते. सरकारनं १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड काढले. वसंत मून यांनी त्यासाठी केवढी मेहनत घेतली! आपल्या घरांत ते जाडजूड खंड ओळीनं दिसतात, पण बरेचसे इंग्रजीत आहेत आणि घरात इंग्रजी वाचणारं कोणी नसतं. त्यांना मी सांगतो, अठरावा खंड घ्या. त्याचे तीन भाग आहेत, मराठीत आहेत, बाबासाहेबांची मराठी भाषणं आणि लेख त्यात आहेत. कुठंही उघडून वाचायला सुरुवात करता येते. मिलवर जेवणाच्या सुट्टीत एक भाषण होतं.

आणि फोनबद्दल. व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी बाबासाहेबांच्या फोटोखाली एक वाक्य येतं. ते खरंच त्यांचं आहे का, कोण बघतो? मी पाठवणाऱ्याला एवढंच विचारतो, कोणत्या पुस्तकात आहे, पान कितवं? लोक मला ग्रुपमधून काढून टाकतात! पण हे विचारलंच पाहिजे. मघाशी केळुसकर गुरुजींची गोष्ट सांगितली. सगळीकडं सांगतात की ते पुस्तक बाबासाहेबांना १९०७ साली मॅट्रिक पास झाल्यावर मिळालं. चरित्रांमध्ये तसंच आहे. पण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ साठी बाबासाहेबांनी जी प्रस्तावना लिहिली होती, जी १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नव्हती, तिच्यात ते स्वतः इंग्रजी चौथीची परीक्षा म्हणतात. आता खरं कोणतं? आमच्या बैठकीत दोन रविवार यावरच गेले. उत्तर निघालं नाही, पण त्या निमित्तानं प्रस्तावना सगळ्यांनी वाचली.

शेवटी पोरांबद्दल. लातूर पॅटर्न तुम्हाला मी सांगायला नको, नांदेडलाही आता तेच आहे. आमच्या ट्युशन एरियात संध्याकाळी गेलात तर हजारो पोरं पाठीवर दप्तर घेऊन फिरताना दिसतात. मुखेड, देगलूर, कंधार, कुठून कुठून आलेली. बापानं शेत गहाण ठेवलेलं, आई दुसऱ्याच्या शेतावर. पोरगं एका खोलीत चौघांत राहतं आणि नीटचे प्रश्न सोडवतं. मार्क कमी पडले की फोन बंद करून बसतं. कधी कधी त्याच्या पुढचंही ऐकायला येतं, ते मी इथं बोलत नाही. या पोरांना आपण ‘वाचा, वाचा’ म्हणतो, आणि ती दिवसाचे बारा तास वाचतच असतात!

त्यांच्यासाठी माझ्या पिशवीत एक पुस्तक कायम असतं. प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’, १९७९ साली आलेलं. माणूस आपल्याच उदगीर भागातला. लहानपणीच आई-बाप गेले, बहिणीच्या घरी वाढला. भूक, अपमान, दुसऱ्याची कामं, आणि त्यातून शाळा. पुढं औरंगाबादला, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या वातावरणात आला आणि प्राध्यापक झाला. गावं आपली, बोली आपली. पुण्या-मुंबईच्या पुस्तकात अडखळणारं पोरगं यात अडखळत नाही. कुठंही रडगाणं लावलेलं नाही, घडलं तसं सांगितलंय.

मुखेडकडच्या एका पोराला मी ते दिलं. एकदा नीटमध्ये कमी पडलेला, दुसऱ्यांदा बसलेला, आमच्या वस्तीत भाड्यानं राहायचा. म्हणाला, “काका, सिलॅबसच्या बाहेरचं वाचायला टाइम नाही.” म्हणलं, ठेव उशाला, झोप आली नाही तर वाच. आठवड्यानं आला. दोन रात्रीत संपवलं होतं. म्हणाला, “काका, यांनी एवढं सगळं लिहिलंय, पण यांना मार्क किती पडायचे ते काही डोक्यात राहत नाही.” मी हसलो, पण तो हसत नव्हता. बराच वेळ बसला, चहा घेतला. बापाला फोन लावून बोलला. काय बोलला ते मी ऐकलं नाही. पुढं त्याला मेडिकल मिळालं का, असं तुम्ही विचाराल. नाही मिळालं. बी.एस्सी. करतोय आणि रविवारी आमच्या बैठकीला येतो. सध्या तो अण्णाभाऊंचं ‘फकिरा’ वाचतोय आणि मधे मधे थांबून तलवारीचं वर्णन आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवतो.

आमची पद्धत तुम्हाला घ्यायची असेल तर फार काही लागत नाही. एक दोनशे पानी वही. विहाराच्या कपाटाची किल्ली खजिनदाराच्या घरी नको, कपाटालाच दोऱ्यानं बांधा. पुस्तकं चोरीला जात नाहीत, गेली तर वाचायलाच जातात. वहीत चार रकाने. कोणी नेलं, काय नेलं, कितव्या पानापर्यंत वाचलं, आणि आता कोणाला द्यावं. अर्धं सोडलं तरी लिहायचं. आमच्या वहीत एक अडचण आली होती. भाजीवाल्या आजीला अक्षर येत नाही, नात वाचते आणि आजी ऐकते. मग वाचक म्हणून नाव कोणाचं लिहायचं? अर्धा तास वाद झाला. शेवटी दोघींचं लिहिलं. सध्या त्यांच्याकडं कॉम्रेड पानसऱ्यांचं ‘शिवाजी कोण होता?’ आहे. लहानसं पुस्तक, मूळ भाषणच ते, भाजीच्या पाटीत मावतं. आजीचं म्हणणं आहे की हे विहाराच्या शेजारच्या मंडळातल्या पोरांना द्या. नाव घेऊन सांगितलंय तिनं, पण मंडळातली पोरं आहेत म्हणून ते नाव मी इथं घेत नाही.

पिशवीत आज पाच पुस्तकं आणली आहेत. ‘निवेदन’, ‘भगवान बुद्ध’, ‘माज्या जल्माची चित्तरकथा’, अठराव्या खंडाचा पहिला भाग, आणि ‘आठवणींचे पक्षी’. शेवटच्याचं कव्हर निघालेलं आहे, चिकटपट्टी लावली आहे, सांभाळून उघडा. कार्यक्रम झाल्यावर मी या खांबाजवळ बसतो. ज्याला पाहिजे त्यानं यावं, कोणासाठी नेतोय ते सांगावं आणि घेऊन जावं. परत लातूरला पाठवायची गरज नाही. पौष पौर्णिमेला मी बावरीनगरला येणार आहे, तिथं भेटू. तेव्हा तुमच्याकडचं एखादं माझ्यासाठी घेऊन या. मी अजून जनार्दन वाघमारे सरांचं ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ वाचलेलं नाही, कोणाकडं असेल तर सांगा.

जयभीम. नमो बुद्धाय.